तीन खुंट्या

आज सही करायची नाही, एवढं आधी ठरवू या. विम्याचा अर्ज टेबलावर असू दे, पेनाचं टोपण लावलेलंच राहू दे. एजंटाचा फोन आला तर त्याला सोमवार सांगा. ज्यांच्या घरात परवान्याचं शस्त्र आहे त्यांनी हा तासभर त्या शस्त्रासोबत काढायचा आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांनी नुसतं शेजारी बसावं. मी माझ्या घरचं सांगत जातो, तुम्ही तुमचं बघत जा.

कपाट उघडा. किल्ली कुठून काढलीत ते लक्षात असू द्या, पुढे त्यावर यायचं आहे.

दुनळी हातात आली की सगळ्यांत आधी ती मोडायची. आठवणी, किंमत, कागद, सगळं त्यानंतर. अंगठ्यानं खटका सरकवला की नळ्या खाली झुकतात आणि दोन्ही घरं उघडी पडतात. रिकामी आहेत ना? डोळ्यांनी बघा, मग करंगळी आत घालून बघा. काल रिकामी होती, हे आजच्याला पुरत नाही. आता नळ्या खिडकीकडे धरा आणि आरपार बघा. उजेडाच्या कड्या दिसतील, एकीत एक, लांब जाता जाता बारीक होणाऱ्या. आमच्या दुनळीच्या उजव्या नळीत त्या थेट टोकापर्यंत स्वच्छ जातात. डाव्या नळीत तोंडाच्या वीतभर अलीकडे एक काळी पुळी आहे. कुठल्यातरी पावसाळ्यात ती उठली आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत लोखंड खाऊन बसली.

इथे जरा थांबा. आजवर तुमच्या शस्त्राचं सगळ्यांत जास्त नुकसान कुणी केलं? चोरानं? आगीनं? आमच्याकडे उत्तर एकच आहे: जून ते सप्टेंबर. आमचं घर कुडाळजवळ. श्रावणात भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. आजोबांनी दुनळी मोठ्या कौतुकानं चामड्याच्या गवसणीत ठेवली होती. चामडं ओल धरून ठेवतं, हे कळायला आम्हाला ती पुळी उठावी लागली.

आता पॉलिसीचं ते पान काढा, जे बारीक अक्षरात असतं. काय काय मिळणार नाही त्याची यादी तिथे असते. झीज, गंज, कसर, वाळवी, हळूहळू होत जाणारी खराबी. म्हणजे कोकणातल्या बंदुकीवर जे संकट दरवर्षी हमखास येणार, त्याचे पैसे कुठलीही कंपनी देणार नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. नंतर पटलं. जे होईल की नाही ते सांगता येत नाही, त्याचाच विमा निघतो. जे होणारच आहे, त्यासाठी तेलाची बाटली आणि मऊ फडकं असतं.

दुनळी मिटू नका अजून. नळीच्या वरच्या अंगाला, घोड्यांच्या थोडं पुढे, एक तांबूस डाग आहे. अंगठ्याएवढा, लांबट. तो आजीचा आहे. खंडेनवमीला सगळी शस्त्रं माजघरातल्या पाटावर मांडायची, पुसायची, मग आजी ओलं हळदकुंकू लावायची. दरवर्षी त्याच जागी. रात्रभर ते तसंच राहायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या गडबडीत पुसायचं राहूनही जायचं. तीसेक वर्षांत त्या बोटाखालचं लोखंड रंगलं ते रंगलंच.

कोल्हापूरच्या एका जाणकाराला मी ही दुनळी दाखवली होती. तो म्हणाला, नळ्या घासून पुन्हा काळ्या करून घेतल्यात तर डाग जाईल, पण करू नका, जुन्या बंदुकीचा मूळ मुलामा गेला की हौशी गिऱ्हाईक हात लावत नाही. मी बरं म्हटलं. डाग काढायचा नाही हे माझं आधीच ठरलं होतं, त्याच्या नि माझ्या कारणाचा काही संबंध नव्हता. तेव्हा एक उगाच विचार मनात आला: या डागानं बाजारात किंमत उतरते आणि माझ्यापाशी चढते, तर अर्जात कुठली लिहायची?

हा प्रश्न घेऊन सावकाश बसा. ‘विमा रक्कम’ असं लिहिलेल्या त्या चौकोनात एकच आकडा मावतो, पण मनात एकापेक्षा जास्त असतात.

एक आकडा म्हणजे आज विकायला काढली तर विक्रेता देईल तो. हा ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागलं. विकणारे एकदम वाढले की भाव काय होतो, हे आंबा विकणाऱ्याला विचारा.

दुसरा आकडा, ही गेली तर तशीच दुसरी घ्यायला लागेल तो. इथे गंमत आहे. आमच्या दुनळीच्या नळ्या काढून उलट्या केल्या की बुडाशी मुकुटाचे बारीक ठसे दिसतात. बर्मिंगहॅमला नळ्या तपासून ठसा मारणारं एक घर आहे, १८१३ पासूनचं. ज्यादा दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तर ठसा. असली विलायती बंदूक आज दुकानातून नवी आणता येत नाही, कारण सामान्य माणसाला शस्त्रं आयात करायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. मग ‘जुन्याच्या बदली नवं’ असं पॉलिसीत कितीही ठळक लिहिलेलं असलं तरी नवं आणणार कुठून? आणि पैसे हातात आले तरी बंदूक म्हणजे मिक्सर नव्हे. परवान्यावर नोंद व्हायची, मंजुरी यायची, मग दुकान.

लंडनच्या लिलावातले आकडे डोक्यातून काढून टाका. मी स्वतः एक रात्र त्यात घालवली आहे म्हणून सांगतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. तिथला भाव इथल्या चौकोनात लिहिणं म्हणजे स्वतःला फसवणं. वर त्या आकड्यावर हप्ताही भरायचा.

पण भीतीपोटी कमीही लिहू नका. घरफोडीच्या पॉलिसीत एक जुना हिशेब असतो, ‘ॲव्हरेज’ म्हणतात त्याला. समजा तुमच्याकडचा सगळा ऐवज चार लाखांचा आहे आणि हप्ता वाचवायला तुम्ही दोन लाखांचा सांगितलात. चोरी एक लाखाची झाली, तर मिळणार पन्नास हजार. उरलेल्या निम्म्याचा विमा तुम्ही स्वतःच उतरवला होता, असं कंपनी म्हणते, आणि तिचं चूक नाही.

म्हणून जुन्या, हौशीच्या, पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूसाठी आधीच किंमत ठरवून घेण्याची सोय मला बरी वाटते. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून दाखला घ्यायचा, तो आकडा कंपनीनं मान्य करायचा, पुढे वाद नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी घरविमा पॉलिसी द्यावी लागते, तीत मौल्यवान वस्तूंसाठी अशी तरतूद आहे, मागून घ्यावी लागते. न मागता मिळतं ते साध्या घरसामानाचं संरक्षण, इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. तुमची दुनळी सामानात मोडते की मौल्यवान वस्तूंत, हे एजंटाला तोंडी विचारू नका. पत्र लिहा, उत्तरही लेखी घ्या. काडतुसांचं तर बोलूच नका: स्फोटक पदार्थ वगळले आहेत असं त्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं. पाचपन्नास काडतुसं त्यात धरतील की नाही यावर वाद घालण्यापेक्षा, ती बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवलीत तर पुरे.

आता दुनळी मिटा. हळू. खट्‌ असा जो आवाज येतो, तो आमच्या घरात सगळ्यांना ओळखू येतो. स्वयंपाकघरातून आई विचारायची, ‘‘कोण रे तो?’’

आणि किल्लीकडे वळू.

आमच्या कपाटाची किल्ली देवघरात असायची, कुंकवाच्या करंड्याखाली. मी आठ वर्षांचा असताना मला ते ठाऊक होतं. गड्याला ठाऊक होतं, मे महिन्यात येणाऱ्या चुलत भावंडांना ठाऊक होतं, आणि लपवण्याची जागा इतकी पवित्र होती की ती बदलावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

डोळे मिटा आणि मोजा: तुमच्या किल्लीची जागा आज किती जणांना माहीत आहे? घाई नको. जावई धरा. जुनी कामवाली धरा. गेल्या वर्षी रंगकाम करून गेलेला माणूस धरा.

आकडा आला? आता पॉलिसीतला ‘घरफोडी’ हा शब्द वाचा. जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण हवी: तुटलेला कोयंडा, उचकटलेली खिडकी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं, की पॉलिसीच्या व्याख्येत बळाचा वापर लिहिला असेल तर नुसती चोरी त्यात बसत नाही. गृह रक्षा पॉलिसीत तर चोरी येते ती आग, पूर अशा एखाद्या संकटानंतरच्या सात दिवसांपुरती. म्हणजे करंड्याखालची किल्ली घेऊन कुणी शांतपणे कपाट उघडलं, बंदूक काढली, पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली जागच्या जागी ठेवली, तर दाव्याला हात धरायला काही उरत नाही. साध्या चोरीसह सगळ्या जोखमींचा वेगळा विमा मिळतो, महाग पडतो, त्यातही घरच्यांनी किंवा नोकरानं केलेली चोरी बहुधा बाहेरच असते.

आणि ही झाली पैशाची गोष्ट. ज्या हाताला किल्ली माहीत आहे तो हात दरवेळी चोराचाच असतो असं नाही. घरात कुणी खचलेलं असेल, रात्र रात्र जागत असेल, तर त्या काळात शस्त्र घरात असूच नये. विक्रेत्याकडे जमा करता येतं. पावती मिळते. मन थाऱ्यावर आल्यावर परत आणता येतं. या ओळीपाशी ज्यांना कुणाचा चेहरा आठवला असेल, त्यांनी अर्ज राहू द्यावा, आधी हे काम करावं.

घराबाहेरचा विषय निघालाच आहे तर निवडणुकीचं बोलू. आचारसंहिता लागली की आमच्या भागात शेतसंरक्षणाच्या बंदुका जमा करण्याचे निरोप येतात. मुठीएवढ्या गावातले पंधरा-वीस जण आपापल्या बंदुका गोणपाटात गुंडाळून ठाण्यावर निघालेले मी पाहिले आहेत, आणि त्याच आठवड्यात रानडुकरांनी सुरण उकरून काढलेलंही. एकदा आमची सिंगल नळी महिना-दीड महिन्यानं परत आली ती दस्त्याला चीर घेऊन. कुणाच्या हातून पडली, कशी पडली, कुणी सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. घरचा विमा होता. पण पॉलिसीवर जोखमीची जागा म्हणून आमच्या घराचा पत्ता होता, ठाण्याचा नव्हता. तेव्हापासून मी हा एक प्रश्न सगळ्यांना विचारायला सांगतो: शस्त्र सरकारजमा किंवा विक्रेत्याकडे असताना संरक्षण त्याच्यासोबत जातं का? जात नसेल तर जायला काय लागेल? जमा करताना मात्र चारही अंगांनी फोटो काढा आणि पावतीवर ‘सुस्थितीत’ असं लिहून घ्या. लिहायला कुरकुर करतील. उभे राहा.

माझी भाची कोल्हापुरात नेमबाजी शिकते. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्य आणल्यापासून तिला घरात कुणी ‘अभ्यास कर’ म्हणत नाही. तिची एअर रायफल दोन-अडीच लाखांची, जर्मन, परवाना न लागणारी. ती आज पुण्यात, उद्या दिल्लीच्या रेल्वेत. तिच्यासाठी घराच्या पत्त्याला बांधलेला विमा कुचकामी आहे, देशभर सोबत फिरणारा हवा, प्रवासातल्या आदळआपटीसकट. मला तिची रायफलही आमच्याच अर्जात घालायची होती, एका हप्त्यात भागेल म्हणून. नाही चालत. जिचं नुकसान माझं नुकसान नाही, तिचा विमा मला उतरवता येत नाही. कायद्याला मामाची माया मोजता येत नाही, हे ठीकच आहे.

पण त्यामुळे दुनळीबद्दल एक नवाच प्रश्न उभा राहिला. ती कुणाची? परवाना बाबांचा. नियमाप्रमाणे परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की वारसाला आपल्या नावानं परवाना मागता येतो. बाबा सत्तरीच्या पुढे कधीच गेलेत. मी तेल घालतो, मी हप्ता भरणार, आणि कागदावर माझा तिच्याशी काहीच संबंध नाही. विमा बाबांच्या नावानं घ्यायचा, की आधी परवाना बदलायचा? हा प्रश्न विमा कंपनीला विचारण्याआधी बाबांना विचारायला हवा होता, आणि तो कसा विचारायचा यात माझे दोन पावसाळे गेले.

माजघराच्या चौकटीवर ठासणीची एक बंदूक आहे. तिचा कान बुजलेला, चाप मोडलेला, नळीत कुंभारमाशीचं घर. जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या, आणि दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा शस्त्राला १९५९ चा शस्त्र कायदा लागत नाही. फक्त ‘येणार नाही’ हे आपण ठरवायचं नसतं. मी ते लेखी घ्यायचं म्हणून वर्षभर टाळतोय. तोवर अर्जात ती ओळ कोरी. शोभेची वस्तू म्हणून लिहावी आणि उद्या कुणी ती चालती आहे म्हणावं, यात दावाही जाईल आणि बाकीचंही.

शेवटचा चौकोन तिसऱ्या माणसाचा आहे. तुमच्या शस्त्रानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. गृहस्थांच्या जुन्या पॅकेज पॉलिसीत कायदेशीर देणेदारीचा एक भाग असतो, लोक तो सहसा घेत नाहीत, हप्ता किरकोळ असूनही. इथे सगळ्यांत जास्त वेळ बसा. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आमच्या पट्ट्यात अधूनमधून येतात. झुडूप हललं, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकल्यासारखे वाटले. चूक कुणाचीही होईल असं म्हणणं सोपं आहे. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात शिरलेल्या माणसामागे कुठलीही कंपनी उभी राहत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यामागेही नाही. त्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. राहते ती खरीखुरी चूक, आणि तिच्यासाठी हा भाग मी घेणार आहे, शस्त्र वगळलेलं नाही हे वाचून मगच. तो घेऊनही मला रात्री त्या झुडपाची आठवण यायची ती येतेच.

माजघराच्या भिंतीला तीन खुंट्या आहेत. शस्त्रं आता लोखंडी कपाटात असतात, खुंट्या तशाच राहिल्या. तिसरी ईशापूरच्या ३१५ रायफलीची. डिसेंबर २०२० मध्ये बाबांनी ती विक्रेत्याकडे दिली आणि पावती पाकिटात घालून घरी आले. तिचा विमा कधीच नव्हता. खंडेनवमीला बाबा त्या खुंटीला अजून झेंडूचं फूल अडकवतात. एरवी तिथे छत्री असते.

खंडेनवमी जवळ आली आहे. शस्त्रं बाहेर निघतील तेव्हाच यादी करा: नंबर, ठसे, चिरा, डाग, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो. आजीच्या बोटाचाही एक जवळून. परवान्याच्या प्रतीसोबत हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा, ज्या घराला तुमच्या घराची आग लागणार नाही. ओलं कुंकू लावा, हरकत नाही, संध्याकाळी पुसा.

आता नळीवरून तेलाचं फडकं एकदा फिरवा, बोटांचे ठसे राहतात. दुनळी आत ठेवा, दस्ता खाली, तोंड भिंतीकडे. कपाट लावा. कुलूप ओढून बघा.

किल्ली देवघरात नेऊ नका.